सात ठिपक्यांच्या झुरळाचं पुण्यातलं एक वर्ष

पिल्लं घरी यायच्या निदान तीन आठवडे आधी डब्यात माती पडलेली असावी. डॉमिनो झुरळ पाळायचं ज्यांनी मनावर घेतलंय त्यांना आम्ही पहिली गोष्ट हीच सांगतो, कारण या किड्याचं जवळजवळ सगळं आयुष्य मातीत जातं. पिल्लू कुजक्या पानांच्या थराखाली पोखरत राहतं, तिथेच खातं, तिथेच कात टाकतं. पंख फुटल्यावर मात्र ते वर येतं, आणि संध्याकाळी उजेड उतरू लागला की काळ्याभोर पाठीवरचे सात पांढरे ठिपके मिरवत डब्यात पळापळ करतं.

याचं शास्त्रीय नाव थेरिया पेटिव्हेरियाना. युरोप-अमेरिकेतले हौशी लोक याला दूरदेशीचं दुर्मीळ झुरळ म्हणून पाळतात, पण मुळात ते आपल्या दक्षिण भारतातलं, पानगळीच्या आणि काटेरी झुडपांच्या रानातलं. लिनियसने १७५८ साली याचं वर्णन केलं तेव्हा त्याला ते भुंगेरा वाटलं होतं आणि त्याने ते ‘कॅसिडा’ या भुंगेऱ्यांच्या प्रजातीत टाकलं होतं. ही चूक कोणाचीही होईल. आपल्या टेकड्यांवर सहा ठिपक्यांचा मोठा काळा भुंगेरा फिरतो, अँथिया सेक्सगुटाटा. डिवचलं की तो आम्ल फवारतो. डॉमिनो झुरळ त्याचंच सोंग घेतं असं मानतात. स्वतःकडे आम्ल नसलं तरी रूप पाहूनच शत्रू लांब राहतो.

जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक जाती आहेत आणि माणसाच्या घरात घुसणाऱ्या जेमतेम ३०. हे आकडे घरच्यांना सांगून ठेवावेत, पुढची बरीच कटकट वाचते. डॉमिनो डब्यातून निसटलं तरी ओट्याखाली संसार थाटत नाही. त्याला ओली माती आणि कुजकं पान लागतं, ते फ्लॅटमध्ये मिळत नाही. दोन-तीन दिवसांत कोपऱ्यात वाळून मरतं. म्हणून झाकण घट्ट हवं ते आपल्यासाठी कमी आणि त्याच्यासाठी जास्त.

आता डबा. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत २० लिटरचा पारदर्शक, क्लिपच्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा मिळतो. साधारण ४० बाय २८ सेंटीमीटर तळ आणि १८ उंची असली की १२ पिल्लांना मोठं होईपर्यंत पुरतो. पारदर्शकच घ्यावा, कारण मातीतली ओल कुठवर आहे ते बाजूने दिसायला हवं. हवेसाठी समोरासमोरच्या भिंतींवर दोन खिडक्या कापायच्या, प्रत्येकी तळहाताएवढी. एका बाजूची मातीच्या पातळीच्या जरा वर आणि दुसरीची झाकणाच्या लगत. खाली-वर असल्याने हवा आपोआप खेळते. कापायला २५ वॉटची सोल्डरिंग गन पुरते. खिडकीशी बसून कापावं, प्लास्टिकचा धूर वाईट असतो. खिडकीला मच्छरदाणीचं नायलॉन लावू नये. झुरळं ते कुरतडतात, आणि नुकतं जन्मलेलं पिल्लू अख्ख्या छिद्रातूनही निघून जातं. अर्ध्या मिलिमीटरची स्टीलची जाळी आणावी, मैद्याच्या चाळणीला असते तशी, आणि ग्लू गनने आतून-बाहेरून चिकटवावी. मग डबा दोन दिवस उघडा ठेवून वास जाऊ द्यावा.

मातीचं आमचं ठरलेलं माप असं: सहा लिटर भिजलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन लिटर चाळलेलं पानांचं कुजलेलं खत, एक लिटर धुतलेली बारीक वाळू. एवढ्यात तळाला आठ सेंटीमीटरचा थर बसतो. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट चार लिटर पाण्यात फुगून आठ-नऊ लिटर होते, म्हणजे थोडं उरतंच, ते पुढे लागतं. वीट भिजली की जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून दोन-तीन पाण्यांनी पिळून काढावी. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, ते राहिलं तर पिल्लं मातीत शिरायला नको म्हणतात.

पानांचं खत नर्सरीतून विकत आणताना फार जपावं. कुंडीच्या तयार मातीत अनेकदा कीटकनाशकाचे दाणे मिसळलेले असतात, विक्रेत्यालाही ते ठाऊक नसतं. अशा मातीत टाकलेली पिल्लं पहिल्या दिवशी ठीक दिसतात, दुसऱ्या दिवशी पाठीवर पडून पाय झाडत असतात आणि मग काही करता येत नाही. म्हणून खत घरीच करावं. उंबर, वड, पिंपळ, बोर यांची झाडाखाली पडलेली तपकिरी पानं डिसेंबर ते मार्चमध्ये हवी तेवढी मिळतात. सोसायटीच्या माळीकाकांना सांगितलं तर जाळायच्या किंवा कचऱ्यात टाकायच्या ढिगातलं एक पोतं बाजूला ठेवतात. फक्त त्या झाडांवर फवारणी झाली होती का ते विचारून घ्यावं. कडुलिंब आणि निलगिरी कटाक्षाने वगळायची. कडुलिंबाचं कीटकनाशक आपण झाडांवर फवारतो, तेच डब्यात घातल्यासारखं होईल.

पानांतून गोम, कोळी, मुंग्या येतात. ती तीन दिवस कडक उन्हात वाळवून, पिशवीत बांधून आणखी तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवली की हा प्रश्न मिटतो. कुजकं पांढरं लाकूड घालायचं असेल तर जुन्या कुकरमध्ये तीन शिट्ट्या द्याव्यात. मात्र सगळंच निर्जंतुक करू नये. पिल्लं कुजण्याच्या क्रियेवर, बुरशीवर आणि सूक्ष्म जिवांवरही जगतात. आधीच्या चालत्या डब्यातली ओंजळभर माती विरजणासारखी मिसळावी. म्हणूनच ते तीन आठवडे लागतात. माती लागली की नाही हे नाकाने कळतं. पहिल्या पावसानंतर बागेत येतो तसा वास यायला हवा. आंबूस वास आला तर खालचा थर चिखल झालाय आणि हवा पोचत नाही.

यापुढचं सगळं पाण्यावर आहे, आणि पुण्यात माणसं चुकतात ती इथेच. परदेशी माहितीत ‘दमटपणा ७० टक्के’ वगैरे वाचून लोक सकाळ-संध्याकाळ स्प्रे मारतात. वरची पानं ओली होतात, बुरशी धरते आणि खालची माती कोरडीच राहते. डॉमिनोला उलटं हवं असतं. वर कोरडं, खाली ओल, आणि तीही डब्याच्या एकाच बाजूला. त्यासाठी आम्ही ओल्या बाजूच्या कोपऱ्यात वायरिंगच्या २० मिलिमीटरच्या पाइपचा १२ सेंटीमीटरचा तुकडा उभा करतो. खालच्या दोन सेंटीमीटरमध्ये पाच-सहा भोकं पाडायची आणि तोंडावर जाळीचा तुकडा बसवायचा, नाहीतर प्रौढ झुरळं आत पडून बुडतात. पाणी त्या पाइपातूनच घालायचं. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवलेलं असलं की झालं.

किती पाणी हे ऋतू ठरवतो. पावसाळ्यात तीन-तीन आठवडे काहीच घालावं लागत नाही. थंडीत आठ-दहा दिवसांनी १०० मिलिलिटर. मार्च लागला की हिशोब बदलतो. एप्रिलच्या दुपारी पुण्याच्या हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते आणि जाळीच्या खिडक्या माती शोषून घेतल्यासारखी वाळवतात. तेव्हा चार-पाच दिवसांनी २०० मिलिलिटर लागतं, आणि वरची खिडकी अर्धी चिकटपट्टीने बंद करावी लागते. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र झाकणाखालची हवा मोजतं, मातीतलं त्याला काही कळत नाही. आमचं खात्रीचं यंत्र म्हणजे उदबत्तीची जळून उरलेली, धुऊन वाळवलेली काडी. ती तळापर्यंत खोचायची, १० मिनिटांनी उपसायची. ओल्या बाजूला खालच्या तीन-चार सेंटीमीटरचा रंग गडद व्हायला हवा, मधोमध जेमतेम एक, कोरड्या बाजूला काहीच नाही. हाताने बघायचं तर ओल्या बाजूची माती मुठीत दाबावी. गोळा व्हावा, बोटांतून पाणी टपकू नये.

ओल बिघडली की झुरळंच सांगतात. भर दुपारी पिल्लं पानांवर येऊन बसली तर खाली चिखल झालाय किंवा माती तापलीय. सगळी एकाच ओल्या कोपऱ्यात गर्दी करून असली तर बाकीचा डबा वाळलाय. सर्वांत वाईट दिसतं ते अडकलेली कात.

कात टाकण्याची क्रिया एकदा तरी नीट पाहावी, म्हणजे ओलीचं मोल कळतं. पिल्लू आधी दोन-तीन दिवस खात नाही आणि मातीत एक पोकळी करून थांबतं. डब्याच्या भिंतीलगत थांबलं तर बॅटरीच्या मंद उजेडात दिसतं. पाठीवर डोक्यामागून एक सरळ चीर पडते आणि तिच्यातून आतलं अंग फुगत वर येतं, दुधासारखं पांढरं, डोळे तेवढे काळे. मग ते लाटा आल्यासारखं हलत पाय एकेक करून जुन्या मोज्यांतून काढावेत तसे सोडवतं. मिशा शेवटी सुटतात. पूर्ण सुटल्यावर ते निपचित पडतं, आणि काही तासांत रंग चढत जाऊन कातडं टणक होतं. हे सगळं व्हायला अंगात पाण्याचा दाब लागतो. माती कोरडी असेल तर कात अर्ध्यावर चिकटते, पाय वाकडे राहतात, आणि असं पिल्लू सहसा वाचत नाही. चिमट्याने सोडवायला जाऊ नये. ओलं अंग फाटतं. पांढरं झुरळ दिसलं की कोणता रोग झाला म्हणून उचलून बाजूला काढणारे पुष्कळ भेटतात. त्याला त्या वेळी हात लावला नाही, एवढीच मदत पुरे असते.

खाण्याचं फार अवघड नाही. वाळकं पान कायम हवं, वर दोन-तीन सेंटीमीटरचा थर, संपला की भर. आठवड्यातून दोनदा गाजर, तांबडा भोपळा किंवा सफरचंदाची दोन सेंटीमीटरची फोड, साल काढून. सालीवर फवारणीचा अंश असतो. आठवड्यातून एकदा माशांच्या खाद्याची चिमूटभर पूड, बाटलीच्या बुचात. प्रौढ माद्या असतील तर दोनदा. त्याहून अधिक प्रथिनं देऊन वाढ लवकर होत नाही, उलट उरलेल्या पुडीवर माइट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक जीव, येतात. ताजी फोड कोरड्या बाजूला ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी काढावी. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच रात्री.

पावसाळ्यातला खरा शत्रू ते माइटच. भिंतीवर आतून पिठाची भुकटी उडाल्यासारखी दिसते आणि भिंग लावलं की ती भुकटी चालत असते. हे धान्यातले माइट झुरळांना चावत नाहीत, पण हजारोंनी वाढून अंगावर, श्वासाच्या छिद्रांपाशी जमतात. उपाय संथ आहे. पूड बंद, फोडी बंद, फक्त वाळकं पान. भिंती ओल्या फडक्याने रोज पुसायच्या. रात्री सोललेल्या काकडीची चकती ठेवून सकाळी तिच्यावर जमलेले माइट चकतीसकट बाहेर. दोन आठवड्यांत आटोक्यात येतात. सुरुवातीपासून मातीत स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे बारीक जीव) सोडलेले असतील तर बुरशी तेच खातात आणि वेळ इथवर येत नाही.

मुंग्यांवर मात्र संथ उपाय चालत नाही. एका रात्रीत लाल मुंग्या डबा रिकामा करतात, आणि कात टाकणारी पिल्लं आधी जातात. डबा स्टुलावर, भिंतीपासून चार बोटं दूर, आणि स्टुलाचे चारही पाय स्टीलच्या वाट्यांत. गुळाच्या डब्याला आजी करायची तीच युक्ती. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकावेत म्हणजे मुंगी तरंगत पलीकडे जात नाही. वाट्या दर पाच-सहा दिवसांनी ओतून घासायच्या. साठल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत हा हलगर्जीपणा घराला परवडत नाही.

डासांवरून आठवलं. रस्त्यावर धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या लावून डबा मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत तासभर गुंडाळून ठेवावा. तेवढी हवा त्यांना पुरते. डासांचं लिक्विडचं मशीन, अगरबत्ती, स्प्रे त्या खोलीत कधीच नाही. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल तेव्हा डबा आठवडाभर मित्राकडे हलवावा. फवारा वाळल्यावरही लादीवर परिणाम राहतो. घरात कुत्रा असेल आणि त्याच्या मानेवर गोचिडांचं औषध घातलं असेल, तर त्याला कुरवाळलेल्या हाताने डब्यात काही करू नये. साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत. कामाला येणाऱ्या मावशींना डबा दाखवून, नीट समजावून, त्या स्टुलापाशी फिनेलचं फडकं फिरवू नका असं सांगावं आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठीही लावावी. आमच्या अनुभवात त्या एकदा ठिपकेवालं झुरळ पाहतात आणि मग सर्वांत जास्त त्याच जपतात.

थंडीची तशी काळजी नाही. जानेवारीत शिवाजीनगर-पाषाणकडे पारा १० अंशांच्या खाली उतरतो तेव्हा घरात १७-१८ असतं. पिल्लं मरत नाहीत, फक्त खाणं मंदावतं आणि वाढ थांबल्यासारखी होते. फ्रिजच्या वरची जागा दोन-तीन अंश उबदार असते, तेवढी पुरते. हीट मॅट लावायचीच असेल तर कोरड्या बाजूच्या भिंतीला बाहेरून लावावी, तळाखाली कधीही नाही. पिल्लू उष्णतेपासून वाचायला खाली जातं, आणि खालीच चूल पेटलेली असली तर ते भाजतं. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीपासून डबा लांब, लादीवर आणावा. ३५ अंशांच्या वर माती जाता कामा नये.

प्रौढ फार जगत नाहीत, थोडे महिनेच. नर लहान, सडपातळ आणि माद्यांच्या आधी मोठे होतात. एकाच वयाची १२ पिल्लं घेतली तर माद्यांना पंख फुटेपर्यंत नर म्हातारे झालेले असतात आणि प्रजनन हुकतं. म्हणून घेताना लहान-मोठी मिसळून मागावीत. मादी अंडी एका टणक तपकिरी पेटीत घालते आणि ती पेटी मातीत सोडून देते. चिंचोक्यापेक्षा लहान, एका कडेला करवतीसारखे दाते. पहिल्यांदा बघणारा ती झाडाची बी समजून फेकतो. महिन्यातून एकदा वरची तीन सेंटीमीटर माती रव्याच्या चाळणीतून हलक्या हाताने चाळावी, पेट्या वर राहतात. चाळताना तोंडाला मास्क बांधावा. झुरळांची विष्ठा आणि कातीची धूळ दम्याच्या माणसाला त्रास देते; घरात कोणाला दमा असेल तर हे काम गॅलरीतच.

पेट्या अर्धा लिटरच्या आइस्क्रीमच्या डब्यात, तीन सेंटीमीटर ओलसर मातीत अर्ध्या पुरून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये नुकसान इथेच होतं. पेटी बाहेरून धड दिसते आणि आतून वाळलेली असते. या छोट्या डब्याला जाळी नको, झाकणाला टाचणीची १० भोकं पुरे, आणि उदबत्तीची काडी एक दिवसाआड. दोन महिने काही हालचाल नसली तरी पेटी टाकू नये. पिल्लं बाहेर आली की लगेच मातीत जातात आणि आठवडेच्या आठवडे दिसत नाहीत. खणून बघण्याचा मोह होतो, तो आवरावा. वरचं पान झिजतंय, त्याची जाळी होतेय, म्हणजे खाली सगळं ठीक आहे.

अनेकांना मादागास्करचं फुत्कारणारं झुरळ हवं असतं. ते सुंदर आहे यात वाद नाही. पाच ते साडेसात सेंटीमीटरचं, बिनपंखी, पोटावरच्या श्वासछिद्रांतून हवा सोडून फूत्कार करणारं, थेट पिल्लं देणारं. नराच्या मानेवर दोन उंचवटे असतात. परंतु परदेशातून जिवंत कीटक आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली परवाना लागतो. कपड्यांत लपवून पार्सलने आलेल्या किड्यांना आम्ही हात लावत नाही, घेणाऱ्यालाही तेच सांगतो. देशी जातींतही रानातून उचलून आणू नये, कोणाच्या तरी डब्यात जन्मलेलीच घ्यावीत, आणि जास्त झाली म्हणून टेकडीवर सोडू तर मुळीच नये.

दुसरा सोपा देशी जीव म्हणजे काडीकिडा. तमिळनाडूतला कॅरॉशियस मोरोसस जगभरच्या शाळा-प्रयोगशाळांत वाढतो. मादी नराविना अंडी देते. त्याला गुलाबाची पानं चालतात, पण ती विकतच्या रोपाची नकोत. घरच्या, निदान तीन महिने न फवारलेल्या गुलाबाची. डब्याची उंची किड्याच्या लांबीच्या तिप्पट हवी, कारण तो उलटा लटकून कात टाकतो.

डॉमिनोची पिल्लं दुसऱ्याला देताना २५० मिलिलिटरच्या डब्यात ओलसर माती दोन बोटं आणि वर चुरगळलेलं वाळकं पान भरावं, म्हणजे हेलकाव्यात आपटत नाहीत. एका डब्यात सहाच. गाजराची फोड टाकू नये, ती घरंगळून लहान पिल्लं चिरडते. उन्हाळ्यात मुंबईला किंवा कोल्हापूरला जाणाऱ्याच्या हाती द्यायची तर पहाटेच्या गाडीने, आणि डबा गाडीच्या काचेजवळ नाही, पायाशी. सोबत आपल्या डब्यातली मूठभर जुनी माती वेगळ्या पिशवीत बांधून द्यावी. नव्या डब्याला तेच विरजण.